वास बुटाचा की पायाचा

नवा बूट हातात घेतला की गिऱ्हाईक आधी तो मधोमध वाकवून बघतं. मग सोलवर अंगठा दाबतं, मग उगाचच टाच खिडकीच्या उजेडात धरतं. बुटात नाक घालून बघणारं गिऱ्हाईक मला आजवर भेटलेलं नाही. नाक घालायची वेळ पुढे कधीतरी येते, आणि ती आली की तो बूट पन्नीच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, पिशवीत, वर गाठ मारून, माझ्या काउंटरवर येऊन बसतो.

सौंसरच्या बस स्टँडजवळच्या गल्लीत आमचं चपला-बुटांचं दुकान आहे. आमचं गाव मध्यप्रदेशात असलं तरी नागपूरकडे तोंड करून बसलेलं आहे. भांडण मराठीत करायचं, अर्ज हिंदीत लिहायचा, आणि बुटाच्या खोक्यावरची सूचना इंग्रजीत असते म्हणून ती कोणीच वाचायची नाही, अशी इथली वहिवाट. दुकान मोठ्या दिरांनी काढलं. तेव्हा घरात बराच तमाशा झाला होता म्हणतात. संत्री-कापूसवाल्या शेतकऱ्याच्या घरात पायताणाचा धंदा! पुढे बूट पुठ्ठ्याच्या खोक्यात, पातळ कागदात गुंडाळून यायला लागले आणि धंदा एकाएकी पवित्र झाला. ज्या आत्येसासूबाईंनी तेव्हा आमच्याकडचं पाणी प्यायचं सोडलं होतं, त्यांच्या नातवाच्या लग्नपत्रिकेत आमच्या नावापुढे 'फुटवेअर मर्चंट' छापलेलं मी स्वतः वाचलं आहे.

दिरांचं मन संत्र्यांच्या बगीच्यात रमायला लागलं तसं दुकान माझ्याकडे आलं. आता सून बसते आणि मी सकाळची चक्कर मारते. पण गावात अजून मलाच 'बूटवाल्या काकू' म्हणतात.

या धंद्यात हातापेक्षा चेहरा जास्त कामाला येतो. समोरच्याने बूट काढला की जे काही येईल ते सोसायचं आणि चेहऱ्यावर संक्रांतीचं हळदीकुंकू असल्यासारखं हसू ठेवायचं. रुमाल काढायचा नाही, पंखा वाढवायचा नाही, मान वळवायची नाही. वळवली की गिऱ्हाईक गेलं, आणि जाताना घरच्या सगळ्यांचे पाय घेऊन गेलं.

वासाच्या तक्रारींचेही नमुने असतात. एक कास्तकार नवे बूट घेऊन आला आणि म्हणाला, घालताक्षणी डोकं गरगरते. खोदून विचारल्यावर कळलं की पठ्ठ्या तेच बूट घालून कपाशीवर फवारणी करत होता आणि रात्री औषधाच्या डब्याशेजारीच ठेवत होता. तहसीलमधून रिटायर झालेल्या एका बाबूंची तक्रार उलटी होती. त्यांच्या नव्या बुटाला नव्याचा वासच येत नव्हता, म्हणजे मी त्यांना जुना माल दिला. दोन दिवस दुकानात बसून त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला ही बातमी दिली, आणि तिसऱ्या दिवशी त्याच दुकानातून बायकोसाठी चप्पल घेऊन गेले.

बाहेरच्यांना म्हणून सांगते, घामाला स्वतःचा असा फार वास नसतो. बंद बुटात ओल राहिली, की त्या ओलीत जंतू वाढतात आणि वास त्यांचा असतो. म्हणून एकच जोड रोज घालू नये, मोजे सुती घालावेत, आतली गादी काढून सावलीत वाळवावी. कडक उन्हात बूट वाळवला की चिकटवलेलं सुटतं आणि मग सोल जीभ काढून बसतो. हे व्याख्यान मी इतक्या वेळा दिलं आहे की झोपेतही देऊ शकेन. प्रणाली पहिल्यांदा पिशवी घेऊन आली तेव्हाही मी हेच सुरू केलं होतं.

प्रणाली रामाकोन्याची. आईवडील बगीच्यांत संत्री तोडायला जाणारे, थोडीशी स्वतःची शेती. पोरगी पोलीस भरतीची तयारी करत होती. आमच्याकडे पोरापोरींचं आता हेच आहे. सकाळी उजाडायच्या आत सडकेवर धावायचं, दिवसभर अभ्यासिकेत बसायचं आणि फॉर्म निघाला की भरायचा. या भरतीवाल्या पोरांमुळे चपलांचं दुकान स्पोर्ट्स शूजचं दुकान झालं. त्या वर्षी एका मोठ्या कंपनीनं धावण्याचा नवा बूट काढला होता. कंपनीचं नाव सांगत नाही, तिच्याकडे वकील आहेत आणि माझ्याकडे सून आहे. बूट दिसायला देखणा, वजनाला हलका. प्रणालीनं घालून दुकानासमोर जरा उड्या मारल्या आणि लगेच घेतला.

काही आठवड्यांनी ती पिशवी घेऊन आली. गाठ सोडली आणि काउंटरपलीकडे सुनेनं जे तोंड केलं, त्यावरून तिचं शिक्षण अजून बाकी आहे हे मला कळलं. वास साधा नव्हता. पावसात भिजलेलं पोतं बंद खोलीत राहावं आणि त्याखाली उंदीर मरावा, असा. मी सुती मोज्यांपासून सुरुवात केली. प्रणालीनं सगळं ऐकून घेतलं.

"काकू, मोजे मी रोज धुते. गादी रोज काढते. माह्या पहिल्या कॅनव्हासच्या बुटात दोन वर्सं धावली, त्याले कधी वास नाही आला. पाय थेच आहेत."

काहीतरी करायचं म्हणून मी वरच्या फळीवरचा त्याच मॉडेलचा कोरा जोड काढला. खोकं उघडून नाकाशी धरलं. हलकासा काहीतरी वास होता, पण नवा बूट म्हटला की गोंदाचा, रबराचा वास असतोच. मग प्रणाली म्हणाली, "असा नाही येत. गरम झाला का येते." आम्ही तो जोड पायरीवरच्या उन्हात ठेवला. थोड्या वेळानं शेजारच्या चहावाल्यानं ओरडून विचारलं, "काकू, नालीत काही मेलं काय व?"

मालातच खोट होती. बूट पायात गरम झाला की आतल्या गादीतून की गोंदातून तो वास जागा व्हायचा. ज्यांनी घेतला त्या प्रत्येकाला वाटत होतं की आपलाच पाय सडला. म्हणूनच इतके दिवस एकही तक्रार आली नव्हती. स्वतःच्या पायाची तक्रार घेऊन दुकानात कोण येणार?

मी प्रणालीला म्हटलं, "दुसऱ्या कंपनीचा घेऊन जा. बदलून देते."

"बदलून नको."

"मग पैसे घे वापस."

"पैसे बी नको." तिनं पिशवीला परत गाठ मारली. "काकू, कंपनीच्या माणसाले सौंसरले बोलवा. थ्यानं अभ्यासिकेत येऊन सगळ्याइच्या समोर सांगावं, का वास बुटाचा आहे म्हणून."

मला वाटलं, पोरगी हट्टाला पेटली. मग तिनं काय झालं ते सांगितलं, आणि ते तिनं फारच शांतपणे सांगितलं.

अभ्यासिका म्हणजे टिनाच्या छताचा एक हॉल. टेबलं, पंखे, भिंतीवर नकाशे. पोरं-पोरी सकाळी धावून तिथंच येऊन बसतात. आधी प्रणालीच्या शेजारची खुर्ची सरकली. मग तिच्या पुढची, मग मागचीही. एक दिवस अभ्यासिका चालवणाऱ्या सरांनी तिला बाजूला घेऊन स्वच्छतेबद्दल चार शब्द सांगितले, अगदी बापाच्या मायेनं. तिनं बूट दाराबाहेर ठेवायला सुरुवात केली, तरी पायांना तो वास लागलेलाच असायचा. तिच्या मागं बसणारी एक पोरगी होती, चांगल्या घरची, दोन वर्षं हिच्याच डब्यातलं लोणचं खाणारी. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बूट बाहेर ठेवून का होते? काही काही घरचा वासच असते."

सौंसरमध्ये कोण कुठल्या मोहल्ल्यातलं, हे कोणी कोणाला विचारत नाही. आमचे लोक तेवढे सुधारलेले आहेत. शिवाय सगळ्यांना ते आधीच माहीत असतं. त्या वाक्याचा अर्थ हॉलमधल्या प्रत्येकाला कळला आणि प्रत्येकानं पुस्तकात डोकं घातलं. प्रणालीच्या घरी बाबासाहेबांचा फोटो आहे, बुद्धाची मूर्ती आहे आणि तिच्या आईनं सारवलेलं अंगण इतकं चकचकीत असतं की बूट घालून त्यावर पाय ठेवायला मन होत नाही. पण हे ती कोणाला आणि का सांगत बसेल?

"मी भांडली असती," ती म्हणाली. "पण भांडून का सांगू? वास तर येतच होता ना, काकू."

मी त्या दिवसापासून कंपनीच्या मागे लागले.

कंपनीच्या ॲपवर तक्रार करायची तर आधी प्रकार निवडावा लागतो. सोल निघाला, शिलाई उसवली, रंग गेला, माप चुकलं. वास हा प्रकारच त्यात नव्हता. सुनेनं 'इतर' निवडलं. लगेच उत्तर आलं, कृपया दोषाचा स्पष्ट फोटो अपलोड करा. आम्ही बुटाचा फोटो पाठवला. उत्तर आलं की फोटोत दोष दिसत नाही. यावर मी ग्राहक सेवेला फोन लावला. पलीकडची मुलगी हिंदीत फार गोड बोलत होती.

"मॅडम, आप दुर्गंध का एक छोटा वीडियो भेज सकती हैं?"

"बेटा, दुर्गंध वीडियो में कैसे आएगी?"

माणूस म्हणून तिला ते पटलं असावं, पण समोरच्या कागदावर पुढचा प्रश्न लिहिलेला असणार. "मॅडम, आप किसी को सूँघते हुए दिखा दीजिए।"

मग आम्ही चहावाल्याला बूट हुंगायला लावून त्याचा व्हिडिओ काढला. त्यानं अभिनय जरा जास्तच केला. चार दिवसांनी कंपनीकडून पत्र आलं. आपल्या प्रेमाबद्दल आभार, पाय नियमित साबणानं धुवावेत, आणि पुढच्या खरेदीवर सूट. प्रणालीला मी ते दाखवलं नाही.

नागपूरच्या डिस्ट्रिब्युटरला फोन केला तर तो म्हणाला, "काकू, तुमच्याकडे संत्री का कमी आहेत? साली टाका ना बुटात." हाही प्रयोग केला. आता मेलेल्या उंदराला संत्र्याचा वास येऊ लागला, आणि तो नुसत्या उंदराहून वाईट होता. पांढुर्ण्याला आमच्याच धंद्यातले एक गृहस्थ आहेत, त्यांनाही हाच माल आला होता. मी विचारलं, तुमच्याकडे कोणी बोंबललं नाही का? ते म्हणाले, "मी तं खोक्यात डांबरगोळ्या टाकून देतो, ताई. लोक म्हणतात, कंपनीचा सेंट दिसते. माल खपून राहिला, तुमी काहून डोकं लावून राहिल्या?"

पुढे त्यांनी मला एक पोक्त सल्लाही दिला की, मोठ्या कंपनीच्या नाकाला आपला वास लागत नसतो.

पण दुकानदाराच्या हातीही कंपनीची एक नस असते, आणि ती जूनच्या आधी सापडते. शाळा उघडायच्या हंगामात काळ्या बुटांची मोठी ऑर्डर जाते. मी डिस्ट्रिब्युटरला कळवलं की यंदा शाळेचे बूट मी दुसऱ्या कंपनीचे घेणार, आणि तालुक्यातल्या बाकी दुकानदारांशीही बोलणार. जे काम त्या भयंकर वासानं झालं नव्हतं, ते शाळेच्या बिनवासाच्या काळ्या बुटांनी केलं. आठवडा उलटायच्या आत कंपनीचा तपासणी अधिकारी नागपूरच्या बसमधून सौंसरला उतरला.

वानखडे त्यांचं नाव. पन्नाशीच्या आसपासचे, इस्त्रीचा शर्ट, हातात कातडी बॅग, बोलणं आमच्यासारखंच. वानखडे या आडनावावरून माणूस कोण ते आमच्या भागात काही कळत नाही, सगळ्याच समाजांत ते आहे. चहा घेतला, बिस्किट घेतलं, मग त्यांनी उन्हात तापवलेला बूट हातात घेऊन अगदी शास्त्रोक्त हुंगला. आधी टाचेकडून, मग पंजाकडून. सून दाराबाहेर जाऊन उभी राहिली होती. वानखड्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. मला क्षणभर त्यांच्याबद्दल आदरच वाटला, इतक्या वर्षांत मलाही असा चेहरा जमला नव्हता.

"मले तं काही वास येऊन नाही राहिला, ताई."

"भाऊ, रस्त्यावरचं कुत्रं पळून राहिलं, आणि तुमाले वास नाही येत?"

त्यांनी बूट खाली ठेवला. चष्मा काढून पुसला. दारात कोणी नाही असं बघून हळूच म्हणाले, "खरं सांगू का? कोरोना झाला तवापासून मले वासच येत नाही. कशाचाच नाही. बायकोची भाजी करपली तरी मी म्हणतो, मस्त झाली. आधी तिले वाटे, नवरा सुधारला."

"मग कंपनीनं तुमालेच काहून पाठवलं?"

"म्हणून तं पाठवते. वासाच्या कंप्लेंटीवर आधी दोघं होते, दोघंही नोकरी सोडून गेले. मी टिकलो. माह्या रिपोर्टात कधी वास नसते, वरचे खुश असतात."

हे त्यांनी कसलीही लाज न धरता सांगितलं, आणि कसलाही आनंदही न दाखवता. मला हसू आलं आणि लगेच त्या माणसाची दयाही आली. तेवढ्यात प्रणाली आली. मी तिला निरोप धाडला होता.

तिनं नमस्कार केला आणि सरळ मुद्द्यावर आली. "सर, तुमी अभ्यासिकेत चला. सगळ्याइले सांगा."

"बेटा, मले असं बोलता येत नाही. कंपनीच्या वतीनं काही कबूल करायचा अधिकार मले नाही. तुले नवीन जोड देतो, वरतून बॅग देतो."

"बॅग नको सर. मागं बसते ती पोरगी म्हणाली, काही काही घरचा वासच असते. तुमची बॅग घेऊन मी थ्याच हॉलमधी बसू?"

वानखड्यांनी समोरचा चहाचा कप बाजूला सरकवला. गल्लीच्या तोंडावरून छिंदवाड्याची बस हॉर्न वाजवत गेली. मग त्यांनी विचारलं, "कोण म्हणाली असं?"

"नाव कशाले पायजे? एकटी थेच थोडी म्हणाली."

"नाही," ते म्हणाले, "एकटी नसते." आणि उठले. "कोरा माल आहे का, ताई? सीलबंद?"

वानखडे मूळचे कुठले, कोण, हे मी तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही.

आम्ही दोन सीलबंद खोकी घेतली. वानखड्यांनी पायरीवर उन्हात ती तशीच ठेवायला लावली, झाकण न उघडता, दुपारचं ऊन चांगलं भरेपर्यंत. मग आम्ही चालत अभ्यासिकेत गेलो, पुढे वानखडे, मागे मी, आणि प्रणाली सगळ्यांत शेवटी. सरांनी कंपनीचं नाव ऐकून खुर्ची पुढे केली. त्यांना वाटलं, काहीतरी स्पॉन्सर करायला आले. पोरांनी पुस्तकं मिटली.

वानखडे नकाशाखाली उभे राहिले. "मी बुटाच्या कंपनीतून आलो आहे. हे खोकं पहा, सील लागलं आहे. कोणी येऊन पाहून घ्या." दोन पोरं उठून पाहून गेली. "आता पुढच्या रांगेतल्या ताई, तुमी उघडा."

ती पुढच्या रांगेतली पोरगी लाजत उठली, तिनं पट्टी फाडली, झाकण काढलं, पातळ कागद बाजूला केला. तापलेलं खोकं होतं. पंख्यानं उरलेलं काम केलं.

पहिल्या दोन रांगा एकदम मागे सरकल्या. कोणी ओढणी तोंडाला लावली, कोणी खिडकी उघडली, एक पोरगा 'बाप रे' म्हणून दाराबाहेर गेला. मी बघत होते ते वानखड्यांकडे. हा माणूस एकेका चेहऱ्याकडे निरखून बघत होता, आंधळ्यानं हातानं चाचपडावं तसा. पहिल्यांदाच त्यांना स्वतःच्या कंपनीचा वास येत असावा, लोकांच्या तोंडावरून.

"मले नाकानं वास येत नाही," ते म्हणाले. "आजाराच्यानं गेला. पण तुमचे चेहरे दिसून राहिले. हा बूट अजून कोणाच्या पायात गेला नाही. फॅक्टरीतून निघाला तो सरळ तुमच्यासमोर उघडला. म्हणजे वास कोणाचा आहे?"

बाहेर गेलेला पोरगा दारातून डोकावला.

"आमचा आहे," वानखडे म्हणाले. "कंपनीचा. पायाचा नाही, आणि कोणाच्या घरचाही नाही."

शेवटचे चार शब्द बोलताना ते सगळ्यांत मागच्या रांगांकडे बघत होते. ती पोरगी कोणती ते त्यांना माहीत नव्हतं. त्यामुळे मागच्या रांगांतली सगळीच पोरं खाली बघायला लागली.

मग हॉल एकदम जागा झाला. सर म्हणाले, "आधी बाहेर न्या ते!" मग त्यांना आठवलं की आपल्यालाही संताप यायला हवा, आणि त्यांनी ग्राहकांच्या लुबाडणुकीवर चांगलं पाच मिनिटं भाषण केलं. पोरं म्हणाली, कंपन्या लुटून राहिल्या. कोणी म्हणालं, केस टाका. अजून दोघातिघांनी कबूल केलं की त्यांच्याकडेही हाच बूट आहे आणि त्यांनी तो घरात गोठ्याकडे ठेवला आहे. सगळ्यांचा राग कंपनीवर इतका एकमुखानं निघाला की प्रणालीची आठवण कोणालाच राहिली नाही. तिची माफी मागायची हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. आमच्या लोकांना अन्याय सहन होत नाही. फक्त तो लांबच्या माणसानं केलेला असावा लागतो.

प्रणाली आपल्या जागेवर जाऊन बसली. मागच्या त्या पोरीनं आपली खुर्ची हळूच पुन्हा जुन्या जागी, तिच्या जवळ ओढायला घेतली. प्रणालीनं वळून न बघता म्हटलं, "राहू दे व तिथंच. अशी मोकळी हवा येते."

एवढंच. मग तिनं पुस्तक उघडलं.

कंपनीनं पुढे तो सगळा माल गुपचूप परत मागवला. परत मागवण्याचं कारण लिहून आलं, रंगात किंचित तफावत. पांढुर्ण्याच्या गृहस्थांनी डांबरगोळ्यांसकट परत पाठवला. वानखड्यांचं त्या दिवशीचं बोलणं कोणीतरी मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं, ते फिरत फिरत वरपर्यंत पोचलं. त्यांना वासाच्या तक्रारींवरून काढून लेसच्या तक्रारींवर टाकलं. त्यांनी फोन करून मला हे सांगितलं तेव्हा ते खुशीत होते. म्हणाले, "लेस तुटली तं तुटली, ताई. डोळ्यानं दिसते." मला मात्र कंपनीनं दिवाळीला भिंतीवरचं घड्याळ पाठवलं, उत्तम सहकार्याबद्दल. चांगलं चालतं.

प्रणालीनं आमच्याकडून साधा, जुन्या मॉडेलचा बूट नेला. पहिल्या भरतीत ती धावण्यात पुढे होती, गोळाफेकीत मागे पडली. रामाकोन्याला परत येऊन तिनं वर्षभर शेतातले दगड फेकले. वडील म्हणायचे, एवढ्यात बंधारा झाला असता. दुसऱ्या खेपेला तिचं नाव लागलं. त्या दिवशी तिची आई दुकानात पेढे घेऊन आली होती. मी एक उचलला, तर म्हणाली, "दोन घ्या जी, एक त्या नागपूरवाल्या भाऊचा."

ट्रेनिंगचं बोलावणं यायला मधे काही महिने होते. त्या काळात ती रामाकोन्याच्या बुद्धविहारात भरतीच्या पोरापोरींना गणित शिकवायला लागली. तिचं गणित पक्कं होतं. सौंसरहूनही काही जण बसनं जायचे, कारण अभ्यासिकेतल्या सरांचं गणित टक्केवारीच्या पुढं जात नव्हतं. एकदा ती मोजे घ्यायला दुकानात आली तेव्हा सहज म्हणाली, "काकू, थे पोरगी बी येते आता."

"कोणती?"

"मागं बसे ती."

मी हातातले मोजे खाली ठेवले. "विहारात येते?"

"हो. पयल्या दिवशी दारातच उभी राहिली बराच वेळ. मी म्हटलं, ये ना आतमधी. म्हणाली, मले काळ-काम-वेगाची गणितं शिकव, थेच अडून राहिली."

"मग?"

"मग का, शिकवून राहिली."

मला राहवलं नाही. "अन माफी? माफी मागितली का तिनं?"

प्रणालीनं मोज्यांचा जोड निवडला, बोटांत ताणून बघितला आणि पिशवीत टाकला.

"नाही जी," ती म्हणाली. "पण रोज वेळेवर येते."